पॅन्सायटोपेनिया (तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी कमी), बी१२ आणि फोलेट नॉर्मल: कॅप्सूलमध्ये न सांगितलेलं औषध असेल तर शोधायचं कसं?

निवासी_मेडिसिन

५४ वर्षांच्या बाई. दहा दिवसांपासून ताप, तोंडभर फोड, गिळताना दुखतं, पायांवर लाल ठिपके. हिमोग्लोबिन ८.१, पांढऱ्या पेशी १,३००, त्यात न्यूट्रोफिल ४००, प्लेटलेट ३८,०००. एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ९१, रेटिक्युलोसाइट (नव्या तांबड्या पेशी) ०.३ टक्के. बी१२ आणि फोलेट दोन्ही नॉर्मल. एलडीएच थोडं वाढलेलं, क्रिएटिनिन १.६. व्हायरल मार्कर आणि एएनए निगेटिव्ह. बोन मॅरोचा (हाडांतल्या मगजाचा) सध्या तोंडी रिपोर्टच आहे: पेशी कमी, ज्या आहेत त्यांत मेगॅलोब्लास्टिक बदल (पेशी मोठ्या, केंद्रक कच्चं), ब्लास्ट (रक्ताच्या कॅन्सरमध्ये दिसणाऱ्या कच्च्या पेशी) नाहीत.

नेहमीचं औषध म्हणजे फक्त ॲम्लोडिपिन. पुन्हा खोदून विचारल्यावर कळलं की चार महिन्यांपासून गुडघ्यांसाठी बिनलेबलच्या कॅप्सूल चालू आहेत, सकाळ-संध्याकाळ एकेक. "यात फक्त वनस्पती आहेत" असं सांगून दिलेल्या. तीन-चार दिवसांतच दुखणं थांबलं होतं म्हणे. उरलेल्या २२ कॅप्सूल नातेवाइकांनी आणून दिल्या आहेत.

लघवीचं ड्रग स्क्रीन पाठवलं होतं, ते निगेटिव्ह आलं. आता विचारायचंय ते असं:
१. या चित्रावरून कोणत्या औषधाचा संशय धरायचा?
२. कोणते नमुने, किती आणि कशात घ्यायचे?
३. कॅप्सूल थेट लॅबला पाठवून भागेल का?
४. रक्त आणि प्लेटलेट आज संध्याकाळी चढवायचे आहेत. त्यामुळे तपासणीत काही बिघडेल का?

---

स्मिअर_आधी

चौथ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला वेळेची मर्यादा आहे. रक्त चढवल्याने तपास नक्की बिघडतो. तरी त्यासाठी रक्त थांबवू नका, फक्त पहिली बॅग लावण्याआधी नमुने काढून ठेवा. ३-४ मिलीच्या दोन ईडीटीए ट्यूब (रक्त गोठू न देणाऱ्या), एक साधी लाल झाकणाची ट्यूब आणि ५० मिली लघवी, काहीही प्रिझर्व्हेटिव्ह न घालता. सीरमसाठी जेल असलेली ट्यूब वापरू नका. जेल काही औषधं शोषून घेतं आणि पातळी खोटी कमी दिसते. शिवाय ॲडमिशनच्या वेळचा सीबीसीचा (रक्तपेशी मोजणीचा) उरलेला ईडीटीए नमुना लॅबच्या फ्रिजमध्ये असण्याची शक्यता आहे. बहुतेक लॅब काही दिवसांनी ते टाकून देतात, तेव्हा आत्ताच फोन करून तो बाजूला काढायला सांगा. सगळ्यांत मोलाचा नमुना तोच.

आता चित्राकडे. मेगॅलोब्लास्टिक मॅरो आणि सोबत बी१२-फोलेट नॉर्मल हे दिसलं की माझा पहिला प्रश्न अँटिफोलेटचा असतो: मेथोट्रेक्सेट (संधिवात आणि कॅन्सरचं औषध), पायरिमेथामिन, ट्रायमेथोप्रिम. ही औषधं डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे एन्झाइम अडवतात. शरीरात फोलेट असतं, पण पेशीला वापरता येतं त्या रूपात ते जात नाही. म्हणून रक्तातली पातळी व्यवस्थित दिसते आणि मॅरो मात्र उपाशी असते. सांधेदुखीची कॅप्सूल, तोंडातले फोड आणि वाढलेलं क्रिएटिनिन हे तिन्ही धरले तर मेथोट्रेक्सेट सगळ्यांत वर.

एमसीव्ही ९१ पाहून ही शक्यता सोडू नका. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, प्लेटलेट आठ-दहा दिवस आणि न्यूट्रोफिल रक्तात काही तासच. मॅरो बंद पडली की आधी पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात. एमसीव्ही ही सगळ्या जुन्या-नव्या पेशींची सरासरी असल्याने ती बरीच उशिरा हलते. तिच्याऐवजी स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) स्वतः बघा. पाचपाळी न्यूट्रोफिल ५ टक्क्यांहून जास्त, किंवा सहा पाळ्यांचा एक जरी दिसला तरी तो हायपरसेगमेंटेशनचा (केंद्रकाला जादा पाळ्या पडल्याचा) पुरावा. मात्र ४०० न्यूट्रोफिल असताना शंभर पेशी मोजायला एक स्लाइड पुरणार नाही, बफी कोटची (सेंट्रिफ्यूजनंतर जमणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या थराची) स्लाइड करून घ्या.

उपचार रिपोर्टसाठी अडवू नका. फॉलिनिक ॲसिड सुरू करा, फॉलिक ॲसिड नाही. फॉलिक ॲसिडला वापरात यायला तेच अडवलेलं एन्झाइम लागतं, फॉलिनिक त्याला वळसा घालून जातं. कमी डोसच्या मेथोट्रेक्सेटच्या विषबाधेत साधारण १५ मिग्रॅ दर ६ तासांनी देतात, आणि तोंडात फोड असताना शिरेतून. तोंडावाटे एका वेळी २५ मिग्रॅच्या वरचा डोस पुरता शोषलाच जात नाही. वरचे नमुने मात्र पहिल्या डोसच्या आधीचे असू द्या. पाण्याचं प्रमाण सांभाळा. संसर्गासाठी को-ट्रायमॉक्साझोल (त्यात ट्रायमेथोप्रिम असतं) किंवा दुखण्यासाठी कोणतंही एनएसएआयडी (डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक) कृपया देऊ नका.

आणखी एक गोष्ट, जी या कॅप्सूलमध्ये जवळपास गृहीत धरावी: स्टिरॉइड. तीन-चार दिवसांत गुडघे थांबणं हे एकट्या मेथोट्रेक्सेटचं काम नव्हे, त्याला आठवडे लागतात. चार महिने रोज स्टिरॉइड पोटात जात असेल तर बाईंच्या स्वतःच्या ॲड्रीनल ग्रंथी झोपलेल्या असतील, आणि कॅप्सूल तर आता बंद झाल्या आहेत. ताप आणि न्यूट्रोपेनियात (न्यूट्रोफिल कमी असताना) रक्तदाब पडला तर तो सेप्सिसचा की ॲड्रीनलचा, हे खाटेपाशी ओळखता येत नाही. सकाळी ८ चं कॉर्टिसॉल (ॲड्रीनलचं स्वतःचं स्टिरॉइड) काढा. दाब डळमळला तर नमुना घेऊन लगेच हायड्रोकॉर्टिसोन द्या.

---

क्रोमॅटोग्राम

निगेटिव्ह ड्रग स्क्रीनचा इथे काहीच अर्थ निघत नाही. ते इम्युनोॲसे असतं, म्हणजे ठरावीक रेणू प्रतिपिंडांनी ओळखणारी चाचणी. ओपिऑइड, बेंझोडायझेपिन, ॲम्फेटामिन असे ठरावीक आठ-दहा गटच त्याला ओळखू येतात. मेथोट्रेक्सेट, डेक्सामेथासोन (एक स्टिरॉइड), फिनाइलब्युटाझोन, लेव्हामिसोल यांच्याबद्दल ते काहीच बोलत नाही. रिपोर्टवर "निगेटिव्ह" छापलेलं असतं, पण ते विचारलेल्या प्रश्नापुरतंच.

जीसी-एमएसही (वायूरूपात रेणू वेगळे करून त्यांचं वजन मोजणारं यंत्र) इथे अपुरं आहे. त्यात रेणूची वाफ व्हावी लागते, मेथोट्रेक्सेटची होत नाही. एलसी-एमएस/एमएस (द्रवात रेणू वेगळे करून त्यांचं आणि त्यांच्या तुकड्यांचं वजन मोजणारं) हवं. शक्य असेल तर आधी हाय रिझोल्यूशन यंत्रावर, म्हणजे क्यूटॉफ किंवा ऑर्बिट्रॅपवर, पूर्ण स्कॅन. याचा मोठा फायदा असा की डेटा साठून राहतो. महिन्याभराने कुणाला नवं नाव सुचलं तर नमुना पुन्हा न लावता त्याच फाइलमध्ये ते वजन शोधता येतं.

कॅप्सूल थेट पाठवून भागेल का? भागेल, पण पाकिटात सुट्या टाकून नको. काम करणाऱ्याला हे लागतं:

२२ पैकी निदान १० बाजूला सीलबंद ठेवा, त्यांना हात लावू नका. उरलेल्यांपैकी १० एकेक करून वजन करा: भरलेली कॅप्सूल, मग रिकामं कवच, म्हणजे आतल्या पुडीचं वजन कळतं. अशा मालात हाताने मिसळून भरलेलं असतं, त्यामुळे एका कॅप्सूलमध्ये भरपूर आणि शेजारच्या कॅप्सूलमध्ये जवळपास काहीच नाही असं सर्रास होतं. एकच कॅप्सूल तपासून "आढळलं नाही" म्हणणं धोक्याचं. म्हणून पाच कॅप्सूल स्वतंत्र आणि पाचांची पूड एकत्र करून एक, असे सहा नमुने लावायचे.

आता विद्रावक. इथे हमखास चूक होते. नेहमीच्या सवयीने सगळे मिथेनॉल घेतात. स्टिरॉइड आणि एनएसएआयडी त्यात छान उतरतात, पण मेथोट्रेक्सेट पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये फारच कमी विरघळतं. त्याला सौम्य अल्कली लागते. तेव्हा दोन वेगळे अर्क करा. प्रत्येकी १०० मिग्रॅ पूड घ्यायची. एक १० मिली मिथेनॉलमध्ये, दुसरा १० मिली ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये. १५ मिनिटं अल्ट्रासॉनिक, मग सेंट्रिफ्यूज, मग ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर. मेथोट्रेक्सेट उजेडाने बिघडतं, तपकिरी व्हायल वापरा.

अर्क तसाच यंत्रात सोडू नका. समजा पुडी ४०० मिग्रॅची आहे आणि तीत २.५ मिग्रॅ मेथोट्रेक्सेट आहे. १०० मिग्रॅ पुडीत ते ०.६२५ मिग्रॅ येईल, १० मिलीत म्हणजे मिलीलिटरला ६२.५ मायक्रोग्रॅम. पेशंटच्या नमुन्यात आपण नॅनोग्रॅम शोधतोय. हजारपट पातळ केल्यावर ६२.५ नॅनोग्रॅम होतं आणि ते यंत्राला झेपतं. न पातळ करता सोडलंत तर कॉलम आणि इंजेक्टरला चिकटून राहिलेला अंश पुढच्या तीन-चार नमुन्यांत दिसत राहील, आणि पेशंटच्या रक्तात औषध सापडलं असं खोटंच वाटेल. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी ब्लँक (औषध नसलेला नमुना), मग पेशंटचं रक्त आणि लघवी, मग पुन्हा ब्लँक, आणि कॅप्सूल सगळ्यांत शेवटी, जमल्यास वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या टेबलावर.

मेथोट्रेक्सेटसाठी पॉझिटिव्ह मोडमध्ये ४५५ वरून ३०८ आणि ४५५ वरून १७५ ही दोन ट्रान्झिशन (रेणूचं वजन आणि त्याच्या तुकड्याचं वजन अशी जोडी) बघतात. दोन्ही हवीत, त्यांचं गुणोत्तर स्टँडर्डशी जुळायला हवं आणि रिटेन्शन टाइमही (कॉलममधून बाहेर पडायची वेळ). वनस्पतींच्या पुडीत इतकी गर्दी असते की एका ट्रान्झिशनवर विसंबणं चूक. तीच गर्दी सिग्नल दाबतेही, तेव्हा ड्युटेरियम लावलेलं मेथोट्रेक्सेट इंटर्नल स्टँडर्ड म्हणून, म्हणजे तुलनेसाठी ठरलेल्या मात्रेत घाला. डेक्सामेथासोन ३९३ ला दिसेल, पण बीटामेथासोनचं वजनही नेमकं तेवढंच आहे. वजन बघून दोघांत फरक करता येत नाही. कॉलमवर ते वेगळे होत नसतील तर रिपोर्टमध्ये "दोघांपैकी एक" असंच लिहा.

---

निवासी_मेडिसिन

दोघांचेही आभार. ट्रान्सफ्यूजनच्या आधीचे नमुने काढले, ॲडमिशनचा ईडीटीए नमुनाही मिळाला. फॉलिनिक सुरू केलं. सकाळचं कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आलं आहे. पण सीरम मेथोट्रेक्सेट बायोकेमिस्ट्रीत इम्युनोॲसेवर लावलं, तर "मोजण्याच्या मर्यादेखाली" आलं. शेवटची कॅप्सूल घेऊन तीन दिवस झाले होते. मग मेथोट्रेक्सेट बाद समजायचं का?

---

स्मिअर_आधी

बाद नाही. ती चाचणी कॅन्सरच्या मोठ्या डोसनंतर पातळी उतरतेय का हे बघायला बनवली आहे. छोट्या डोसमध्ये प्लाझ्मातली पातळी साधारण दिवसभरातच मोजता येईल त्याच्या खाली जाते. किडनी मंद असेल तर थोडी रेंगाळते, तरी तीन दिवसांनी निगेटिव्ह येणं अगदी अपेक्षित आहे.

औषध पेशीच्या आत अडकलेलं असतं. मेथोट्रेक्सेटला आत ग्लुटामेटची शेपटी जोडली जाते आणि मग त्याला बाहेर पडता येत नाही. हे पॉलीग्लुटामेट तांबड्या पेशींत आठवडेच्या आठवडे राहतात. म्हणूनच ट्रान्सफ्यूजनच्या आधीचा ईडीटीए नमुना मागितला होता. दात्याच्या पेशी मिसळल्या की प्रमाण तेवढ्याने घटतं. नमुना बर्फावर ठेवा, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, प्लाझ्मा वेगळा करा, पेशी सलाइनने तीनदा धुवा आणि उणे ७० ला गोठवा. खोलीच्या तापमानाला ठेवून दिलं तर ती शेपटी तुटत जाते. क्रोमॅटोग्रामना हे पेलेट (धुतलेल्या पेशींचा गोळा) द्या.

कॉर्टिसॉल १.८ म्हणजे बाहेरून स्टिरॉइड जात होतं हे जवळपास नक्की. इम्युनोॲसेत प्रेडनिसोलोन कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जातं आणि आकडा फुगतो, डेक्सामेथासोन जवळजवळ मोजलंच जात नाही. इतका कमी आकडा डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोनकडे बोट दाखवतो. हायड्रोकॉर्टिसोनचा आधार सुरू ठेवा आणि घरी सोडताना तो अचानक तोडू नका.

याचा दुसरा पैलूही लक्षात घ्या. स्टिरॉइडमुळे न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीवरून सुटून प्रवाहात येतात आणि आकडा वाढलेला दिसतो. म्हणजे काही आठवड्यांपूर्वीचा एखादा सीबीसी नॉर्मल असेल तर मॅरो तेव्हा ठीक होती असं समजता येत नाही.

---

औषधपडताळणी

एका पेशंटपुरतं वर सगळं आलंच आहे. पण असा पेशंट एकटा नसतो. ज्याने या बाईंना कॅप्सूल दिल्या त्याने इतरांनाही दिल्या असणार. म्हणून आजच दोन गोष्टी करा: औषधदक्षता केंद्राकडे संशयित प्रतिकूल परिणाम म्हणून नोंद, आणि रक्तविकाराच्या वॉर्डात व ओपीडीत गेल्या तीन महिन्यांत अशाच चित्राचे आणखी कुणी आले होते का याची चौकशी. कारण सापडेपर्यंत नोंद थांबवायची नसते, संशय पुरतो.

याचं सगळ्यांत भयंकर उदाहरण लाहोरचं. २०११ च्या अखेरीस आणि २०१२ च्या जानेवारीत तिथल्या पंजाब इन्स्टिट्यूट ऑफ कार्डिऑलॉजीमधून मोफत औषधं नेणारे हृदयरुग्ण एकामागून एक येऊ लागले: प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घसरलेल्या, रक्तस्राव, कातडी काळवंडलेली. प्रत्येक जण एकाच वेळी अनेक औषधं घेत होता, त्यामुळे दोषी कोण हे लगेच कळेना. अखेर आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटच्या २० मिग्रॅच्या गोळीच्या एका बॅचमध्ये पायरिमेथामिन सापडलं, गोळीमागे सुमारे ५० मिग्रॅ. मलेरिया टाळण्यासाठी ते आठवड्याला २५ मिग्रॅ देत असत. दिवसातून दोन गोळ्या घेणाऱ्याच्या पोटात रोज १०० मिग्रॅ, म्हणजे आठवड्याच्या हिशेबाने अठ्ठावीसपट जात होतं. दोनशेहून जास्त माणसं गेली. अँटिफोलेट आहे हे कळल्यावर फॉलिनिक ॲसिड सुरू झालं.

गुणवत्ता तपासणीत अशी गोष्ट का निसटू शकते हे नीट समजून घेण्यासारखं आहे. नेहमीची चाचणी विचारते की लेबलवरचं औषध ठरलेल्या प्रमाणात आहे का. आयसोसॉर्बाइड असेल तर उत्तर "आहे" असंच येणार. पायरिमेथामिनबद्दल कुणी विचारलेलंच नसतं. गंमत नव्हे, खरंच दुःखाची बाब आहे की या जोडीत भेसळ दिसायला अवघड नाही: आयसोसॉर्बाइड अल्ट्राव्हायोलेट प्रकाश फारसा शोषत नाही, पायरिमेथामिन २७० नॅनोमीटरच्या आसपास भरपूर शोषतं. त्या तरंगलांबीवर पूर्ण क्रोमॅटोग्राम (वेगळ्या झालेल्या घटकांचा आलेख) उघडून बघितला तर अनोळखी मोठा पीक (उंचवटा) समोर उभा राहतो.

१९८९ मध्ये अमेरिकेत एल-ट्रिप्टोफॅनच्या पूरक गोळ्यांमुळे इओसिनोफिल वाढून स्नायू असह्य दुखण्याचा आजार पसरला, दीड हजाराहून अधिक रुग्ण. मूळ पदार्थ ट्रिप्टोफॅनच होता, शुद्धताही कागदोपत्री उत्तम. संशयित गोळ्यांच्या क्रोमॅटोग्राममध्ये मात्र काही छोटे जादा पीक होते, आणि त्यांचा माग एका उत्पादकाच्या मालापर्यंत गेला. २००८ चं दूषित हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) हेही तसंच. अतिसल्फेटयुक्त कॉन्ड्रॉइटिन हेपरिनसारखंच वागत असल्याने तेव्हाच्या चाचण्यांत निभावून गेलं, एनएमआर आणि कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस या वेगळ्या तंत्रांनी ते पकडलं.

तुमच्या केसमध्ये बॅच नंबर नाही, म्हणून कागद जास्त काटेकोर ठेवा. कॅप्सूल कुणी, कधी, कोणत्या डब्यातून आणल्या. पहिली कधी घेतली, शेवटची किती वाजता. मधे डबा बदलला का, रंग किंवा वास बदलला का, "नवीन माल" आल्यावर त्रास सुरू झाला का. मूळ डबा, चिठ्ठी, पिशवी सगळं ठेवा. फोटो पट्टी शेजारी ठेवून काढा. पाकिटावर सील, सही, तारीख, आणि हातबदल होईल तेव्हा प्रत्येक वेळी नोंद. कायदेशीर कारवाई पुढे झाली तर याशिवाय तुमचा सुंदर क्रोमॅटोग्राम उभा राहणार नाही.

पेशंटला विचारताना "काही औषध घेता का" असं विचारू नका. लोकांच्या लेखी चूर्ण, काढा, ताकदीची पावडर, वजन कमी करण्याचा चहा, तेल, झोपेची गोळी, शेजारणीने दिलेली पुडी यांतलं काहीच औषध नसतं. एकेक नाव घेऊन विचारा आणि दोष न देता विचारा. स्टिरॉइड किंवा एनएसएआयडी मिसळलेल्या सांधेदुखीच्या "नैसर्गिक" गोळ्या ही जुनी गोष्ट आहे. २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने आर्त्री किंग नावाच्या पूरक गोळ्यांत लेबलवर नसलेलं डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन सापडल्याचा इशारा दिला होता. तुमच्या नमुन्यातही डायक्लोफेनॅक मुद्दाम शोधायला सांगा. ते किडनीतून मेथोट्रेक्सेटचा निचरा मंदावतं, म्हणजे क्रिएटिनिन १.६ चाही उलगडा होऊ शकेल.

---

क्लॉटिंग_बेंच

धागा पुढे कुणी शोधत आलं तर रक्त न गोठण्याच्या बाजूचंही इथे असावं म्हणून लिहिते. प्लेटलेट नॉर्मल, लिव्हर ठीक, तरीही नाकातून, हिरड्यांतून, लघवीतून रक्त, आणि पीटी-एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या चाचण्या) दोन्ही लांबलेले. पेशंट वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) घेत नाही.

पहिली पायरी मिक्सिंग: पेशंटचा आणि नॉर्मल प्लाझ्मा निम्मा-निम्मा. वेळ नॉर्मलवर आली तर फॅक्टर (रक्त गोठवणारी प्रथिनं) कमी आहेत, नाही आली तर त्यांना अडवणारा इनहिबिटर. मग फॅक्टर मोजा. २, ७, ९, १० कमी आणि ५, ८, फायब्रिनोजेन नॉर्मल असतील तर व्हिटॅमिन के अडवलं गेलंय. फॅक्टर ५ लिव्हरमध्येच बनतो पण त्याला के लागत नाही, म्हणून लिव्हरचा आजार आणि हे यांतला फरक तो एकटा सांगतो.

मग व्हिटॅमिन के१ १० मिग्रॅ शिरेतून, हळूहळू. आयएनआर (पीटीचा प्रमाणित आकडा) उतरला आणि एक-दोन दिवसांत परत चढला, तर उंदीर मारायच्या औषधातल्या ब्रोडिफाकमसारख्या लांब पल्ल्याच्या रेणूचा संशय घ्या. २०१८ मध्ये इलिनॉयमध्ये कृत्रिम कॅनाबिनॉइडमध्ये (गांजासारखी नशा) तेच मिसळलेलं होतं आणि दीडशेहून अधिक लोक रक्तस्राव घेऊन आले. वॉरफरिनची पातळी मागवली तर ती निगेटिव्ह येते. ब्रोडिफाकम नाव लिहूनच मागवावं लागतं. निगेटिव्ह मोडमध्ये ५२१ आणि ५२३ असे जवळपास सारख्या उंचीचे जुळे पीक दिसतात, ब्रोमिनमुळे. अशी जोडी दिसली की अर्धी ओळख तिथेच पटते.

सायट्रेटची ट्यूब रेषेपर्यंत भरलेली हवी, एकास नऊ. कमी भरली तर पीटी उगाच लांबतो आणि नसलेल्या आजाराच्या मागे दोन दिवस जातात. एफएफपी (दात्याचा गोठवलेला प्लाझ्मा) आणि के देण्याआधीचा प्लाझ्मा दोनदा सेंट्रिफ्यूज करून गोठवून ठेवा. उपचार महिनोन् महिने चालतो: तोंडावाटे के१ दिवसाला ५०-१०० मिग्रॅ किंवा त्याहून जास्त, वाटून. पाच-सहा दिवस आयएनआर नॉर्मल दिसला म्हणून घरी पाठवून औषध बंद करणं ही इथली जीवघेणी चूक. औषध थांबवायचं ते ब्रोडिफाकमची पातळी १० नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या खाली गेल्यावर, आणि थांबवल्यावरही काही दिवसांच्या अंतराने पीटी बघत राहायचा.

---

रात्रपाळी_लॅब

मधेच विचारतो. आमच्याकडे फक्त न्यूट्रोफिल शून्याजवळ आणि हिमोग्लोबिन-प्लेटलेट अगदी ठीक, असे पेशंट येतात. एकदा बरे होतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तसेच. एएनसीए (न्यूट्रोफिलविरुद्धची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह आला की सगळे व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिन्यांचा दाह) म्हणतात. यातही भेसळ असू शकते का?

---

स्मिअर_आधी

असू शकते, आणि वारंवार येणं हाच मोठा इशारा आहे. कोकेनमध्ये मिसळलेलं लेव्हामिसोल हे त्याचं ठसठशीत कारण. जनावरांच्या जंतांचं औषध आहे ते. २००९ पर्यंत अमेरिकेत पकडलेल्या कोकेनच्या बहुतांश नमुन्यांत ते होतं. माणसांत जुन्या काळी संधिवातासाठी वापरत तेव्हाही ॲग्रॅन्युलोसायटोसिस (न्यूट्रोफिल जवळपास नाहीसे होणं) व्हायचा, एचएलए-बी२७ हा जनुकीय प्रकार असणाऱ्यांत जास्त. मॅरोत प्रोमायलोसाइटपाशी (न्यूट्रोफिल घडण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यापाशी) सगळं थांबलेलं दिसतं. औषध थांबलं की सात-दहा दिवसांत पेशी वर येतात, पुन्हा घेतलं की पुन्हा कोसळतात.

एएनसीएमध्ये एमपीओ आणि पीआर३ (त्याचे दोन प्रकार) दोन्ही एकत्र पॉझिटिव्ह असतील तर थांबा. मूळच्या व्हॅस्क्युलायटिसमध्ये सहसा दोघांपैकी एकच असतो. कानाच्या पाळीवर जांभळे-काळे डाग आहेत का, तेही बघा.

फिनाइलब्युटाझोन आणि ॲमिनोपायरिन हे वेदनाशामकांतले जुने दोषी, "वनस्पतीच्या" संधिवात गोळ्यांत पूर्वी सापडलेले. तेव्हा नशा करत नाही म्हणणाऱ्याला खोटं ठरवण्याआधी त्याच्या गोळ्या बघा.

---

क्रोमॅटोग्राम

लेव्हामिसोलला वेळ फार कमी असतो. हाफ-लाइफ साडेपाच तासांच्या आसपास, आणि लघवीत मूळ रूपात जेमतेम काही टक्केच येतं. ४८ तासांनंतरच्या निगेटिव्ह रिपोर्टवरून काही ठरवू नका. कोकेनचा मेटाबोलाइट त्याहून जास्त दिवस दिसतो, त्यामुळे "कोकेन पॉझिटिव्ह, लेव्हामिसोल निगेटिव्ह" हा रिपोर्ट लेव्हामिसोल नव्हतंच असं सांगत नाही. लघवी पहिल्याच तासात घ्या, २०५ वरून १७८ शोधायला सांगा. वेळ निघून गेली असेल तर केस: दर महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात, मुळापासून कापून मुळाचं टोक दोऱ्याने बांधून पाठवा.

स्मिअर_आधींच्या एका मुद्द्याला जोड देतो. मी आधी पूर्ण स्कॅन म्हणालो, पण त्यांनी दिलेलं नाव हातात असेल तर रक्ताच्या नमुन्यावर थेट नेमकी पद्धतच लावतो. पूर्ण स्कॅन कॅप्सूलवर उत्तम चालतो, कारण तिथे औषध मिलिग्रॅममध्ये असतं. तीन दिवस जुन्या प्लाझ्मात नॅनोग्रॅमचाही अंश उरलेला असतो आणि स्कॅनच्या गोंगाटात तो बुडतो. म्हणून फॉर्मवर "विषबाधा? तपासा" एवढंच लिहू नका. सीबीसीचे आकडे, मॅरोचं एक वाक्य, शेवटचा डोस, नमुन्याची वेळ, मधे चढवलेलं रक्त, दिलेली सगळी औषधं, अगदी फॉलिनिक आणि हायड्रोकॉर्टिसोनसुद्धा, आणि तुमचा संशय, हे सगळं लिहा. यंत्राला काय शोधायचं ते त्यावरून ठरतं.

निवासी_मेडिसिन, तुमच्या केसमध्ये माझा क्रम असा राहील: धुतलेल्या पेशींत पॉलीग्लुटामेट, लघवीत डेक्सामेथासोन-बीटामेथासोन आणि डायक्लोफेनॅक, मग कॅप्सूलचे दोन्ही अर्क. आणि रिपोर्टवर "काही आढळलं नाही" एवढंच आलं तर लॅबला परत विचारा की कोणकोणती नावं शोधली आणि प्रत्येकाची किमान मोजता येणारी पातळी काय होती. ती यादी केस पेपरला लावून ठेवा.

---

निवासी_मेडिसिन

पेलेट गोठवून ठेवलं आहे, उद्या सकाळी बर्फातून पाठवतो. दहा कॅप्सूल सील केल्या. नोंदीचा फॉर्म भरून दिला. चौकशीत त्याच ठिकाणाहून कॅप्सूल नेणारे आणखी दोघं कळलेत, त्यांना उद्या सीबीसी आणि सकाळच्या कॉर्टिसॉलसाठी बोलावलं आहे. त्यांनी त्या एकदम बंद कराव्यात का?

---

स्मिअर_आधी

कॅप्सूल बंदच. पण स्टिरॉइडचा आधार न देता नाही. ते येईपर्यंत फोनवर सांगून ठेवा: चक्कर, उलट्या, खूप थकवा किंवा ताप आला तर उद्याची वाट न बघता रात्रीच यायचं. उरलेल्या कॅप्सूल फेकून न देता डब्यासकट आणायला सांगा. सीबीसी नॉर्मल आला तरी आठवड्याने पुन्हा करा, सोबत क्रिएटिनिन आणि लिव्हर एन्झाइम.